भोळ्या अळ्यांची धास्तीवहिनी

घराला कुलूप लावलं की वहिनी ते ओढून बघायची. जिना उतरून खाली आली की पुन्हा वर जाऊन ओढायची. मग रस्त्याच्या वळणावर थांबून नवऱ्याला विचारायची, "लागलंय ना?" नवरा चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का, आणि आता?' असं विचारून त्याच्या अंगात एक शांतपणा मुरला होता. तो म्हणायचा, "लागलंय. आणि चोर आलाच, तर कुलूप बघून नाही, आपलं घर बघून परत जाईल बिचारा."

धास्तीवहिनी हे नाव तिला धाकटीनं ठेवलं. धाकटी म्हणजे नवऱ्याची बहीण. वयानं धाकटी, उंचीनं, आवाजानं आणि मतांनी घरात सगळ्यांत थोरली. नाव इतकं चपखल बसलं की वहिनीचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं, आणि ते पुकारलं की वहिनी आधी मागे वळून बघायची.

फोन वाजला की ती दचकायची, आणि बराच वेळ वाजला नाही तरी दचकायची. डॉक्टर हसून बोलले तर ते काहीतरी लपवताहेत, आणि गंभीर दिसले तर त्यांनी आता लपवायचंही सोडलं. तिच्याकडे प्रत्येक गोष्ट एक जादा असे. जादा किल्ली, जादा छत्री, पर्समध्ये दुसरी छोटी पर्स. नवरा तेवढा एकच होता, आणि त्याचीही तिला अधूनमधून काळजी वाटायची.

अशा बाईला नोकरी कुठली मिळाली, तर अळ्या वाढवायची.

पिकांवरच्या किडी तपासणारी एक प्रयोगशाळा होती. लांबट, बैठी इमारत, मागे कोबीची रोपं वाढवायचं काचघर. कोबीच्या पानाला खिडक्या पाडणारी एक हिरवी अळी असते, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. ती पान आरपार खात नाही, वरचा पापुद्रा शिल्लक ठेवते. पान उजेडाला धरलं की त्याला काचेची तावदानं बसवल्यासारखी दिसतात. कुणाचा हात लागला की ही अळी वळवळत मागे सरकते, पानाच्या काठावरून खाली उडी टाकते आणि स्वतःच्याच धाग्याला लटकून राहते. धोका टळला की हळूच वर येते. वहिनीला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली. घाबरल्यावर नेमकं काय करायचं याची इतकी पक्की पद्धत तिला स्वतःलाही जमली नव्हती.

या अळीवर शेतकरी एक पूड फवारतात. पूड कसली, मातीतला एक जिवाणूच तो. माणसाला त्याचं काही नाही. अळीनं मात्र पानाबरोबर तो खाल्ला की तिचं आतडं बंद पडतं. ती खाणं सोडते आणि एकदोन दिवसांत पानावरच मऊ पडते. पण काही शेतांत पूड इतकी वर्षं पडत राहिली की ती पचवणाऱ्या अळ्याच तेवढ्या मागे उरल्या, आणि पुढचं सगळं गोत त्यांचंच झालं. पूड खाऊनही त्या ढेकर देऊन पुढच्या पानावर जायच्या. प्रयोगशाळेतले शिकलेले लोक पूड लागू पडणाऱ्यांना संवेदनक्षम आणि न पडणाऱ्यांना प्रतिकारक्षम म्हणत. वहिनी म्हणायची भोळ्या आणि निबर. थोड्याच दिवसांत शिकलेले लोकही तेच म्हणायला लागले, कारण चहा पिता पिता 'प्रतिकारक्षम' म्हणणं कुणालाच झेपत नाही.

आतल्या खोलीत भोळ्यांचा पिंजरा, बाहेरच्या खोलीत निबरांचा. प्रयोगशाळेचा सगळा जीव भोळ्यांमध्ये होता. त्यांच्या कैक पिढ्यांनी पुडीचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणून तर त्या माप होत्या, दुकानातल्या वजनासारख्या. शेतकरी आपल्या शेतातल्या अळ्या आणून देत. त्या अळ्यांना आणि या भोळ्यांना एकाच पुडीचं पान घालायचं. दोन्हीकडच्या मेल्या, तर पूड चालतेय. भोळ्याच मेल्या आणि शेतातल्या जगल्या, तर शेत निबर झालं, दुसरा उपाय शोधा. या भोळ्यांत एखादी निबर शिरली तर वजनच खोटं. मग आख्ख्या भागातली तोलणी खोटी. आणि असं निर्भेळ कूळ आता बाहेर कुठल्या शेतात शोधून सापडलं नसतं.

म्हणून मोठ्या बाईंचा नियम होता. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. नियम असा की भोळ्यांचा पिंजरा एकच. दोन पिंजरे म्हणजे चुकायला दोन जागा.

वहिनीनं आयुष्यात एवढा एकच नियम मोडला, आणि तोही भीतीपोटी. एकच म्हणजे काय? आग लागली तर? मुंग्या शिरल्या तर? तिनं भोळ्यांची अंडी असलेलं एक पान काचेच्या बरणीत घातलं, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं, आणि अडगळीच्या खोलीत, मोडक्या ट्रेंच्या मागे, कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून पिंजऱ्यात नवी पिढी आली की बरणीतही यायची. बरणीवर तिनं काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं.

पिंजऱ्यांवर मात्र तिनं लिहिलं होतं. मोठं लिहिलं तर शाई दिसते, शाईला वास असतो, अळ्यांचे पुढे जे पतंग होतात त्यांना वासाचा त्रास होत असेल, अशा विचारानं तिनं बारीक अक्षरांत निम्मंच लिहिलं. आतल्या पिंजऱ्यावर 'भो', बाहेरच्यावर 'नि'. ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं.

मग वहिनीला कांजिण्या आल्या.

या वयात कांजिण्या, याचंच धाकटीला हसू आवरेना. "लहानपणी घाबरून त्या तुझ्या जवळ आल्या नसतील," ती म्हणाली, "आता धीर आला त्यांना." धाकटी तिथेच काचघरात कोबीची रोपं लावायची. वहिनी अंथरुणात होती तोवर अळ्यांचंही तिनंच बघायचं ठरलं. वहिनीनं दाराआडून सूचना दिल्या. पानं कोवळी घाल, कुंचल्यानं उचल, बोटांनी नको, साखरपाण्याचा बोळा रोज बदल. एवढ्या सूचनांमध्ये बरणीची गोष्ट तिच्या ओठांपर्यंत आली आणि परत गेली. धाकटीच्या पोटात एकही गोष्ट राहत नाही हे सगळ्या घराला ठाऊक होतं. बरणीतल्या अळ्या उपाशी मरतील, हे वहिनीनं तापात उशीवर पडल्या पडल्या मान्य केलं, आणि भिंतीकडे तोंड करून थोडी रडली.

खपल्या पडल्यावर ती कामावर गेली, ती आधी थेट अडगळीच्या खोलीत. मोडके ट्रे बाजूला केले. कपाट उघडलं.

बरणीत ताजं पान होतं.

पानाला खिडक्या पडलेल्या, कडेला हिरव्या अळ्या लोळताहेत, कोपऱ्यात साखरपाण्याचा ओला बोळा. वहिनीला आनंद व्हायला हवा होता. पण तिनं आधी वळून दाराकडे बघितलं. कुणीतरी इथे येऊन गेलं होतं. दार लोटून ती भोळ्यांच्या खोलीकडे निघाली आणि वाटेत बाहेरच्या खोलीत निबरांच्या पिंजऱ्यापाशी थबकली. पिंजऱ्यात पतंग विरळ झाले होते.

धाकटी काचघरातून रोपांचा ट्रे घेऊन येत होती.

"यातले पतंग कुठे गेले?" वहिनीनं विचारलं.

"आत घातले की."

"आत कुठे?"

"त्या दुसऱ्या पिंजऱ्यात. वहिनी, तुझे ते आतले अगदीच मरतुकडे दिसत होते गं. म्हटलं तू येईपर्यंत जरा बाळसं धरू देत. म्हणून यातले मूठभर निरोगी त्यांच्यात सोडले."

"निरोगी कुणी सांगितलं तुला?"

"तूच लिहिलंयस. नि." धाकटीनं पिंजऱ्यावर बोट ठेवलं. "नि म्हणजे निरोगी."

"आणि भो म्हणजे?"

"भोवळ आलेले."

वहिनी तिथेच स्टुलावर बसली. धाकटीनं ट्रे खाली ठेवला आणि तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप आहे का अजून? म्हणजे निरोगी नव्हते का ते?"

"निबर होते," वहिनी म्हणाली.

धाकटीला भोळ्या-निबर माहीत नव्हतं असं नाही. तिच्याच चहाच्या वेळी ते शब्द रोज उडत. पण कागदावरच्या दोन अक्षरांशी तिनं ते कधी जुळवले नव्हते. आता जुळवले, आणि तिचा थोरला आवाज पहिल्यांदा धाकटा झाला. "मग आता?"

आता काय, ते वहिनीला माहीत होतं. मोठ्या बाईंना सांगायचं. पिंजरा फ्रीझरमध्ये जाणार. कूळ संपणार, आणि तिची आतली खोलीही. तिनं उठून तसं सांगायला जायला हवं होतं. ती उठली आणि हात धुवायला गेली. बराच वेळ धुतले.

धाकटीला तिनं आणखी एक गोष्ट विचारायला हवी होती. बरणी तूच सांभाळलीस ना? आणि त्या बरणीतही 'निरोगी' सोडलेस का? हे ती विचारू शकली नाही. विचारलं नाही तोवर उत्तर चांगलं असण्याची शक्यता तरी होती. एकदा विचारलं की उत्तर हे उत्तरच. रोज ती धाकटीच्या तोंडाकडे बघायची, धाकटी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि दोघी कोबीबद्दल बोलायच्या.

घरी नवरा म्हणाला, "सांगून टाक. काच तडकली की तडकली. पुसून काय होतंय?"

"तुमच्या काचांना पिलं होत नाहीत," वहिनी म्हणाली.

खरी भीती तीच होती. पिंजऱ्यात त्या पतंगांची अंडी फुटली, अळ्या झाल्या. वहिनीनं गुपचूप एका पानावर पूड शिंपडली, थोड्या अळ्या त्यावर सोडल्या. पानावर लहानलहान खिडक्या उमटल्या आणि तिथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी अळ्या मलूल, तिसऱ्या दिवशी मऊ. धाकटीनं डोकावून बघितलं आणि तिचा आवाज परत थोरला झाला. "बघ, गेल्या सगळ्या. तुझं आपलं उगाच."

पण वहिनीनं मोठ्या बाईंना शिकाऊ लोकांना समजावताना ऐकलं होतं. निबरपणा लपतो. आई भोळी आणि बाप निबर असला की पोरं बहुधा भोळ्यांसारखीच मरतात. पण आत तो निबरपणा गप्प बसलेला असतो. मग अशी दोन गप्प घराणी एकत्र आली की नातवंडांत एखादी आजोबांवर गेलेली निघते. एका पानावरच्या मेल्या म्हणजे काहीच सिद्ध होत नव्हतं. नातवंडं व्हायची वाट बघायची होती.

जगात बायका नातवंडांची वाट बघतात ती कौतुकानं. वहिनीनं बघितली ती धसक्यानं. कोष बांधले गेले. पतंग बाहेर आले, राखाडी, पाठीवर फिकट ठिपक्यांची माळ घेऊन, अगदी गरीब चेहऱ्याचे. तिला वाटे, यातला कोण? कोणाच्या पोटात आजोबा दडलाय? कुणी पिंजऱ्याच्या जाळीवर बसून तिच्याकडे बघतोय असं वाटलं की ती नजर वळवायची. तिला स्वप्नात कोबी दिसायला लागला. जेवताना घास हातात राहायचा. नवऱ्यानं एक दिवस तिच्यासमोर काचांची पेटी उघडून विचारलं, "कुठली लावू म्हणजे तुला ताट दिसेल?"

नातवंडं झाली. वहिनीनं पान तयार केलं, पूड पसरली, अळ्या सोडल्या, आणि वर झाकण लावून त्याच्याकडे पाठ केली.

दोन दिवसांनी सकाळी खोलीत आली. खिडकीतून उजेड सरळ टेबलावर पडला होता. पानावर बहुतेक अळ्या मऊ पडल्या होत्या, काळपट, दोरीच्या तुकड्यांसारख्या. तिनं श्वास सोडला. आणि मग तिला पानाच्या देठाजवळ एक खिडकी दिसली, मोठी, स्वच्छ, ताजी. खिडकीच्या काठावर एक अळी डोकं हलवत खात होती. पलीकडे अजून एक. वहिनीनं कुंचल्याचं टोक तिला लावलं. अळी वळवळली, मागे सरकली, पानाच्या काठावरून खाली पडली आणि आपल्या धाग्याला लटकून राहिली. धोका टळेपर्यंत.

याच अळ्यांना ती इतकी वर्षं आपल्यासारख्या भित्र्या समजत होती. या बयांना पुडीचं काडीचंही भय नव्हतं. वहिनीनं कुंचला टेबलावर ठेवून दिला.

पुढच्याच आठवड्यात शेतकऱ्यांच्या अळ्या तोलायला येणार होत्या. खोट्या वजनानं तोललं असतं तर दोन्हीकडच्या अळ्या जगून फरकच दिसला नसता, त्या भागातल्या निबर अळ्याही 'पूड चालतेय' असा दाखला घेऊन परत गेल्या असत्या आणि सगळा कोबी चाळणी झाला असता. वहिनी मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. दाराशी तिला धाकटी भेटली. धाकटीनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तीही तिच्या मागोमाग आत आली.

वहिनीनं सगळं सांगितलं. 'नि' आणि 'भो' सुद्धा.

"चूक माझी आहे, बाई," धाकटी मध्येच म्हणाली.

"अक्षरं माझी आहेत," वहिनी म्हणाली.

मोठ्या बाई चष्म्यावरून आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघत राहिल्या. 'भोवळ आलेले' ऐकताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तो लगेच जागेवर आला. "पिंजरा फ्रीझरमध्ये ठेवा," त्या म्हणाल्या. "सगळा. आज." मग एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरीकडे तर कुठे नाहीतच."

तो प्रश्न नव्हता. त्यामुळे उत्तर द्यायची गरज नव्हती. वहिनीच्या मनात आलं, गप्प बसलं तर निदान नियम मोडल्याचं तरी झाकून राहील. बरणीत निबर शिरले असतील तर ती तशीही निकामी. आणि नसतील शिरले तर?

"आहेत," वहिनी म्हणाली. "एक बरणी आहे."

"नियम काय आहे आपला?"

"एकच पिंजरा."

"मग?"

"भीती वाटली."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढलेल्या मोठ्या बाई वहिनीनं कधी बघितल्या नव्हत्या. त्या थकलेल्या दिसत होत्या. "त्या बरणीत यांनी काही घातलं का?"

वहिनीनं धाकटीकडे बघितलं. इतके दिवस चुकवलेला प्रश्न आता टेबलावर पडला होता आणि तो उचलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "मी आजारी असताना पानं तूच घालत होतीस ना त्यात?"

"हो."

"आणि पतंग?"

"नाही."

"नक्की?"

"वहिनी, त्या बरणीवर काही लिहिलेलंच नव्हतं," धाकटी म्हणाली. "मोडक्या ट्रेच्या मागे, कपाटात, फडकं बांधून. तू काहीतरी लपवलंयस एवढं मला कळतं. लपवलेल्याला हात लावायचा नसतो. उपाशी कसं ठेवायचं म्हणून पानं टाकत होते, इतकंच."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कुठे बोललीस? मला सांगायचं असतंस तर सांगितलं असतंस." धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या पोटात काही राहत नाही ना. म्हणून तोंड उघडायचीच भीती वाटली."

धाकटीलाही कशाची भीती वाटू शकते, हे वहिनीला नवीन होतं.

"बघूया," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोरींत निबरपणा नाही निघाला तर नातींत बघावं लागेल. तोवर शेतकऱ्यांना थांबायला सांगते."

आतला पिंजरा त्या दुपारी फ्रीझरमध्ये गेला. वहिनीनं स्वतःच्या हातानं ठेवला आणि फ्रीझरचं दार बंद करून ओढून बघितलं. पुन्हा एकदा ओढलं. धाकटी म्हणाली, "लागलंय," अगदी भावासारख्या आवाजात.

मग बरणी आतल्या खोलीत आली. तिच्यातल्या थोड्या अळ्यांना पूड दिली, त्या मेल्या. उरलेल्या वाढू दिल्या. पुन्हा कोष, पुन्हा पतंग, पुन्हा अंडी. या वेळी वाट बघायला तिघी होत्या. मोठ्या बाई काही ना काही निमित्त काढून आतल्या खोलीत यायच्या, बरणीकडे न बघता खिडकीचं तावदान तपासायच्या आणि जायच्या. धाकटी कोबीची सगळ्यांत कोवळी पानं वेगळी काढायची. वहिनी जेवत होती, पण काय जेवली ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

शेवटी नातींचं पान टेबलावर आलं. वहिनीनं या वेळी बरणीतल्या जवळजवळ निम्म्या अळ्या त्यावर सोडल्या. थोड्याशा मेल्यानं तिचं समाधान होणार नव्हतं. सोडताना तिला स्वतःचीच किळस आली. यांच्या पणज्या-खापरपणज्यांना तिनं कुंचल्यानं उचलून पानं भरवली होती, आणि आता ती मनातल्या मनात म्हणत होती, मरा गं बायांनो, माझ्यासाठी मरा, सगळ्याच्या सगळ्या मरा.

झाकण उघडलं तेव्हा मोठ्या बाई डावीकडे, धाकटी उजवीकडे. पानावर खिडक्या होत्या, पण इवल्याशा, सुरू करून सोडून दिलेल्या. अळ्या जिथल्या तिथे पडल्या होत्या. वहिनी कुंचल्याच्या टोकानं एकेकीला लावत गेली. एक हलली नाही, दुसरी हलली नाही. पानाच्या अगदी टोकाला एक उभी दिसली, डोकं वर केलेली. वहिनीचा हात थांबला.

"लाव," धाकटी कुजबुजली.

वहिनीनं कुंचला लावला. अळी मागे सरकली नाही. कलंडली, आणि काठावरून खाली पडली. धागा सोडला नाही. टेबलावर मऊ होऊन पडून राहिली.

"गेली," वहिनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"अभिनंदन करू की सांत्वन?" धाकटीनं विचारलं.

मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला. "उरलेल्या आता पिंजऱ्यात घ्या," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "आणि एक बरणी भरून ठेवा. कुठे ठेवली ते मला दाखवा."

"तिच्यावर काय लिहू?" वहिनीनं विचारलं.

"काही लिहू नकोस, वहिनी," धाकटी घाईघाईनं म्हणाली.

मोठ्या बाई गेल्या. धाकटी पिंजऱ्यासाठी पानं आणायला काचघराकडे वळली. वहिनी एकटीच टेबलापाशी उरली. तिनं दाराकडे बघितलं, कुणी नाही असं पाहून कुंचला पुन्हा उचलला, आणि टेबलावर पडलेल्या त्या शेवटच्या अळीला आणखी एकदा हळूच लावून बघितला.